राशीचे रोप आणि नक्षत्राचा वृक्ष

फारशी निगा न मागता घरात जगणाऱ्या शोभेच्या झाडांची बारा राशींशी सांगड घालण्याची रीत शहरी घरांत आता चांगलीच रुळली असून, तिचा सारा आधार साम्यावर आहे. मेषेचा स्वामी मंगळ, म्हणून तिला काटेरी निवडुंग. कर्क जलराशी, म्हणून तिला पाणी कमी पडताच माना टाकणारी पीस लिली. वृषभ स्थिर राशी, म्हणून तिला महिनोन्‌महिने एकाच रूपात उभा राहणारा झेडझेड प्लांट. अशा जोड्या रचणे सोपे असते आणि त्या ऐकायलाही गोड वाटतात, परंतु त्यांचा पाया तपासू लागल्यावर पहिली अडचण राशीपाशीच येते. पाश्चात्त्य ज्योतिषात रास म्हणजे जन्मवेळी सूर्य ज्या राशीत असेल ती, आणि तीही सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. महाराष्ट्रात मात्र रास विचारली असता माणूस चंद्ररास सांगतो, आणि ती निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असते. या दोन मोजण्यांमधील अंतराला अयनांश म्हणतात व ते आज सुमारे 24 अंशांचे आहे. त्यामुळे 1 एप्रिलला जन्मलेल्या व्यक्तीचा सूर्य सायन गणिताने मेषेत तर निरयन गणिताने मीनेत पडतो, आणि चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवसच राहत असल्याने तिची चंद्ररास याहून तिसरीच निघू शकते. एकाच माणसाच्या वाट्याला तीन निरनिराळी रोपे यावीत, इतकी ही सांगड सैल आहे.

पंचांगात छापले जाणारे आराध्यवृक्षांचे कोष्टक याहून फार वेगळ्या वृत्तीचे आहे. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातील भासमान मार्गाचे, 27 समान भाग केले की प्रत्येक नक्षत्राच्या वाट्याला 13 अंश 20 कला येतात, आणि जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्याचा वृक्ष हा त्या व्यक्तीचा आराध्यवृक्ष मानला जातो. भरणीचा आवळा, रोहिणीचे जांभूळ, मघाचा वड, स्वातीचा अर्जुन, शततारकेचा कदंब, उत्तराभाद्रपदेचा कडुनिंब अशी ही मालिका आहे. तिच्यात अश्विनीसाठी कुचला आहे, ज्याच्या बिया जहाल विषारी असतात, आणि श्रवणासाठी कोणी हौसेने लावत नाही अशी, पडीक जागी उगवणारी रुई आहे. माणसाचा स्वभाव झाडात दिसावा, असा या यादीचा आग्रहच नाही. तिच्यासोबत येणारा संकेत असा की, हा वृक्ष लावावा, जोपासावा, आणि स्वतःच्या औषधासाठीदेखील त्याला इजा करू नये. कुंडीतल्या रोपाची यादी माणसाला काय शोभेल हे सांगते, तर पंचांगातील यादी त्याच्यावर एका झाडाची जबाबदारी टाकते. हा फरक मोलाचा आहे, आणि ग्रहांच्या फळांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनाही तो पटण्यासारखा आहे.

जबाबदारी म्हटली की झाडाच्या स्वतःच्या जन्मस्थानाचा विचार टाळता येत नाही. झेडझेड प्लांट पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या ऋतूंचा रहिवासी असून मातीखालच्या बटाट्यासारख्या कंदांत तो पाणी साठवतो. म्हणूनच तो तहानेने क्वचित मरतो आणि मायेने रोज घातलेल्या पाण्याने मात्र मुळे कुजून जातो. मातीत दोन पेरे बोट खुपसावे, ती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालावे, एवढेच त्याचे मागणे आहे. पश्चिम आफ्रिकेतून आलेला स्नेक प्लांट आणि घराघरांतली कोरफड यांची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडतात, कारण दिवसाच्या उन्हात ती उघडली तर जवळचे पाणी उडून जाईल. मनीप्लांटची गोष्ट अधिक बोलकी आहे. बाटलीतल्या पाण्यात तळहाताएवढी, अखंड पाने धरणारी ही वेल बागेतल्या आंब्याच्या खोडावर चढली की तिची पाने हातभर होतात आणि कडेपासून शिरेपर्यंत फाटत जातात. घरात दिसते ते तिचे आयुष्यभर लांबलेले बाळपण.

सदनिकेत वड लावता येत नाही हे उघड आहे, तरी पंचांगातील संकेत तेथे अगदीच निरुपयोगी ठरत नाही. कृत्तिकेचा उंबर, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड आणि उत्तरा फाल्गुनीची पायरी हे चारही वृक्ष वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फायकस या एकाच प्रजातीतले, म्हणजे निकटच्या नात्यातल्या जातींच्या एकाच गटातले आहेत, आणि दिवाणखान्यात सहज जगणारा रबर प्लांट हाही त्यांचा सख्खा भाऊबंद आहे. तो ईशान्य भारतातला. मेघालयात खासी आणि जयंतिया लोक याच झाडाची हवाई मुळे ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल घडवतात, आणि असा पूल वापरायोग्य होण्यास कित्येक वर्षे लागतात. खिडकीचा भरपूर पण थेट न पडणारा उजेड, कोरड्या होऊ लागलेल्या मातीला पाणी, आणि जाड पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसणे एवढ्यावर तो वर्षानुवर्षे टिकतो. पान तुटल्यास निघणारा पांढरा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून लहान मुलांच्या हाती मात्र तो लागू देऊ नये. हस्ताची जाई आणि धनिष्ठेची शमी यांना खोली मानवत नाही, त्यांना उन्हाची गॅलरीच हवी.