कालिदास आणि काकडी

मराठीत एम.ए. झालेल्या आणि उज्जैनच्या सरकारी शाळांतून उभी नोकरी हिंदी-संस्कृत शिकविण्यात घालविलेल्या माणसाने संगणकाच्या भाषेविषयी लिहावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्यावे. ज्या चुकीविषयी आम्ही लिहीत आहोत ती मुळात वाचक आणि वाच्य यांची गल्लत आहे, आणि अशा गल्लतीवर लाल शाईने खूण करण्याचा आमचा अधिकार निवृत्तीपर्यंत तरी अबाधित आहे.

गेल्या दिवाळीत आमची एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरहून घरी आली होती. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासणे हे तिचे काम, म्हणजे आमच्या उत्तरपत्रिका तपासण्यासारखेच. तिच्या आईने आम्हांला मुद्दाम बोलावून घेतले. “सर, तुमचं ती ऐकेल. ऑफिसात साहेबांशी वाद घालून आली आहे. एका ओळीपायी एवढा हट्ट कशाला, तेवढं समजावा तिला.” समजावण्यापूर्वी समजून घेणे बरे, म्हणून ती ओळ कोणती ते आम्ही आधी विचारले.

संगणकाच्या स्मृतीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता असतो. हा पत्ता ज्यात नोंदवितात त्याला पॉइंटर म्हणतात. आपण निर्देशक म्हणू. दौलतगंजातल्या एखाद्या वाड्याचा पत्ता पोस्टकार्डावर लिहिला, म्हणून पोस्टकार्डाची लांबीरुंदी काही वाड्याएवढी होत नाही. निर्देशकाचेही तसेच. तो एका अक्षराकडे बोट दाखवो की सबंध ग्रंथाकडे, आजच्या बहुतेक संगणकांत तो आठ बाइटांचा आणि अनेक लहान यंत्रांत चारच बाइटांचा असतो. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘सी’ भाषेत वस्तूचे माप सांगणारा ‘साइझऑफ’ नावाचा एक कारक आहे. त्याच्यापुढे निर्देशकाचे नाव ठेवले, की तो निमूटपणे पोस्टकार्ड मोजून मोकळा होतो. लिहिणाऱ्याच्या मनात वाडा होता, हे त्याला कोण सांगणार?

खरी मेख पुढे आहे. अक्षरांची रांग जेथे मांडली तेथेच तिचे माप विचारले, तर उत्तर अचूक येते. तीच रांग प्रोग्रामाच्या दुसऱ्या भागाकडे सोपविली, की त्या भागाच्या हाती रांग पडत नाही, पडतो केवळ तिचा पत्ता. मग कालपर्यंत बिनचूक असलेली ओळ, तिच्यातला काना-मात्राही न बदलता, चुकीची ठरते.

आता कालिदासाकडे वळू. समजा, एखाद्या कुलपाचा परवलीचा शब्द ‘कालिदास’ आहे. संगणकात साठविताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि वेलांटीसुद्धा, बहुधा तीन बाइट घेते. म्हणजे एकूण एकवीस बाइट झाले. पण तुलना किती अंतरापर्यंत करायची हे ठरविताना पहारेकऱ्याने शब्दाऐवजी निर्देशकाचे माप घेतले, तर तो आठ बाइट पाहील आणि थांबेल. या आठांत ‘क’ येतो, त्याचा काना येतो आणि ‘ल’चे पहिले दोन बाइट येतात. देवनागरीतील व्यंजनांचे पहिले दोन बाइट एकसारखेच असतात! तेव्हा कालिदासाचे कुलूप ‘काकडी’ने उघडते, ‘कागद’नेही उघडते. यंत्र चार बाइटांचे असेल, तर विचारूच नका. ‘क’ने आरंभ होणारा कोणताही शब्द, अगदी कोथिंबीरही, महाकवीच्या घरात बेधडक शिरेल. आम्ही वहीवर हे बाइट स्वतः मांडून पाहिले, तेव्हा कोठे विश्वास बसला.

हाच दोष दुसऱ्या रूपानेही येतो. मोठ्या नोंदीसाठी स्मृतीत जागा मागताना निर्देशकाचे माप दिले, तर खाटेऐवजी पाटाएवढी जागा मिळते. नोंद शेजारच्या जागेत सांडते, आणि त्या सांडण्याचा उपयोग करून यंत्र ताब्यात घेणारी हुशार माणसे जगात आहेत. अमेरिकेतील मायटर ही संस्था प्रोग्रामांतील दोषांची जी यादी राखते, तिच्यात या दोषाला ४६७ वा क्रमांक आहे. अलीकडचे कंपायलर अशा ठिकाणी पुष्कळदा इशारा देतात. पण इशारे वाचावे लागतात, आणि ते न वाचणारे वर्गात असतात तसे कारखान्यांतही असतात.

आम्हांला हे सारे ऐकताना शिप्रेकाठची भर्तृहरीची गुंफा आठवत होती. तेथे तप करणारा राजा आणि ‘वाक्यपदीय’कार भर्तृहरी हे एकच, असे परंपरा मानते, विद्वानांना ते मान्य नाही. ते असो. प्रकाश जसा वस्तू दाखवितो आणि स्वतःही दिसतो, तसा शब्द अर्थ देताना स्वतःचे रूपही पुढे करतो, हे त्या ग्रंथकाराने विस्ताराने मांडले आहे. त्याच्याही आधी पाणिनीने पहिल्या अध्यायातच नियम घालून दिला, की व्याकरणात शब्दाने स्वतःचे रूप समजावे, अर्थ नव्हे. पारिभाषिक संज्ञांचा तेवढा अपवाद. ‘अग्नी’ला प्रत्यय लावा म्हटले, तर तो शब्दाला लावायचा, निखाऱ्याला कोण लावणार? शब्दाचे रूप हवे की अर्थ, हे आमच्या वैयाकरणांनी आधी ठरवून घेतले होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते ठरविले नाही, की यंत्र आपल्या परीने ठरविते.

“पण साहेबांचं म्हणणं काय?” आम्ही विचारले.

“ते म्हणतात सर, सगळ्या चाचण्या पास झाल्या आहेत.”

झाल्याच असणार. खरा शब्द दिला, कुलूप उघडले. भलताच शब्द दिला, उघडले नाही. आरंभ बरोबर आणि शेवट चूक असा शब्द कोणी देऊनच पाहिला नव्हता. उत्तराच्या पहिल्या चार ओळी वाचून गुण देणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत. चांगला आरंभ पाठ करून पुढे काहीबाही लिहिणारे विद्यार्थी त्यांना बरोबर ओळखतात.

मग तिने सांगितले, की ते यंत्र रुग्णालयातले होते. रुग्णाच्या शिरेत औषधाची धार मोजून सोडणारे. ते चार बाइटांचे होते. धारेची गती बदलण्यासाठी परवलीचा शब्द लागे, आणि कारखान्यातून निघणाऱ्या सर्व यंत्रांच्या परवलीची पहिली चार इंग्रजी अक्षरे एकच असत. पुढे प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र क्रमांक. तपासले जात होते ते नेमके सर्वांत समान असलेले चार. म्हणजे एका यंत्राचा शब्द ज्याला ठाऊक, त्याला सर्वच यंत्रे खुली. तिने पसंतीची सही करण्यास नकार दिला होता. माल तयार असून रवानगी अडली होती.

तिची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. बाइट तिला कळले नसतील. सलाइनची धार मात्र कळली, कारण दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः पतीच्या उशाशी बसून ती पंधरा दिवस पाहिली होती. “मग सही करू नकोस,” एवढेच ती म्हणाली आणि चकल्या आणावयास आत गेली. आमची समजूत घालण्याची कामगिरी तेथेच संपली.

मुलगी भाऊबीज करून बंगळूरला परतली. पंधरवड्याने तिचा फोन आला. ओळ दुरुस्त झाली होती, पण रवानगी आणखी लांबली होती. दुरुस्ती करताना त्याच माणसाने लिहिलेले इतर भाग तिने पुन्हा वाचावयास घेतले, तेव्हा तशाच आणखी दोन जागा सापडल्या होत्या.