लिंबागणेशची सीताफळे आणि फुफीचा दालचा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की पालीचे बिंदुसरा धरण मागे पडते आणि घाट चढून मांजरसुंबा येते. तिथून पाटोद्याच्या रस्त्याला वळले की लिंबागणेश. गाव प्रसिद्ध आहे ते भालचंद्र गणपतीच्या मंदिरामुळे. आमच्या खानदानात मात्र ते फुफीच्या दालच्यामुळे. दिवाळीच्या सुटीत, सीताफळांच्या दिवसांत, आम्ही दरवर्षी तिच्याकडे जातो. बालाघाटच्या खडकाळ डोंगरांवर वाढणाऱ्या बीडच्या या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

यंदा दस्तरखानवर बसलो, बिस्मिल्लाह करून पहिला घास घेतला आणि सगळेच गप्प झालो. दालचा खारट झाला होता. फुफा मुकाट्याने जेवत होते. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे आम्हाला ठाऊक होते. तरी अदब म्हणून कोणी बोलले नाही. आमचा धाकटा मात्र म्हणाला, "दादी, मीठ लई झालंय."

फुफीचा हात थांबला. "मला तर अळणी लागला, म्हणून वरून घातलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग सगळे बाहेर आले. २०२१ च्या लाटेत तिला करोना झाला, तेव्हा वास आणि चव दोन्ही गेले. वास बराचसा परतला. चव अंधूकच राहिली. "लग्नाघरी दालचा माझ्याच हातचा लागायचा. आता जिभेला कळत नाही, हे कुणाला सांगू?"

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, ही शिकवण आम्ही पाळत आलो. पण नावे ठेवणे वेगळे आणि आपल्या माणसाला त्याच्या भल्यासाठी खरे सांगणे वेगळे. हा फरक आम्हा मास्तरांना त्या दिवशी एका पोराने शिकवला.

वास-चव जाणे हे करोनाचे लक्षण असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्येच यादीत घातले होते. पण चव मंदावण्याची कारणे आणखीही आहेत: वाढते वय, मधुमेह, जस्ताची कमतरता, कोरडे तोंड, तंबाखू-मिश्री आणि काही औषधे. म्हणून डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. तिखट ही खरे तर चव नव्हे, ती जिभेची जळजळ आहे. त्यामुळे चव गेली तरी मिरची लागते आणि माणूस मसाला वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, मीठ सांगते. नासलेले दूध, शिळे सालन, गळणारा गॅस यांची खबर नाक आणि जीभच देतात. ती मंदावली की घरातल्या इतरांनी लक्ष ठेवावे लागते.

दुसऱ्या दिवशी फुफीसाठी एक चमचा ठरवला. मीठ अंदाजाने नाही, मापाने. वरून घालायचे नाही. आंबटपणासाठी चिंच, सुगंधासाठी पुदिना-कोथिंबीर. शेजारच्या काकूंना कळले तेव्हा त्या रागावल्याच. "भाभी, आधी सांगायचं की! मी रोज येऊन चाखून जाईन. रमजानमध्ये तर बरंच, रोजा तुमचा, माझा थोडाच आहे?" फुफी कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

दुपारी अंगणात सीताफळे फोडली. "गोडी लांबून येते," फुफी म्हणाली, "पण गर रवाळ आहे, गार आहे, एवढं कळतं. अल्हम्दुलिल्लाह."

संध्याकाळी मापाच्या मिठाचा दालचा झाला. फुफीने वाढले आणि आमच्या कोणाकडे न बघता धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने घास गिळला, बोटे चाटली आणि ताट पुढे केले.