मोबाईलवरची ओल

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यात आमचीही गेली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्यामुळे श्रीवर्धनी रोठा जातीची नवी रोपं मला नशिबावर सोडायची नव्हती. मी मुंबईत, वाडी तिकडे. म्हणून ठिबक, मातीची ओल मोजणारे सेन्सर आणि आपोआप चालू-बंद होणारी मोटर बसवून घेतली.

हिवाळा छान गेला. एप्रिलमध्ये वाडी सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. "भाऊ, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. रोपांचे शेंडे करपतायत." मी मोबाईल उघडून पाहिला, ओल भरपूर दिसत होती. म्हटलं, "काका, माती ओली आहे. उन्हाने होत असेल." त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

मे महिन्यात गेलो. आळ्यात हात घातला तर पुळणीची वाळू बोटांतून सुटत होती, खोलवर जेमतेम दमट. सेन्सर उपसला तर त्याच्या दोन्ही दांड्यांवर मिठाची पांढरी पुटं.

किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शिंपण झालं की काका मोटर बंद करायचे, विहीर पुन्हा भरायची. मी लावून दिलेल्या वेळापत्रकात ही उसंत नव्हती. मोटर रात्र रात्र उपसत राहिली आणि खालचा खार वर आला. माझे सेन्सर स्वस्तातले. मातीतून वीज किती सहज जाते, त्यावरून ओल ठरवणारे. माती खारावली की वीज सहज जाते, मग थोडी ओलही भरपूर दिसते. त्यामुळे ठिबकचे व्हॉल्व्ह नंतर उघडलेच नाहीत.

निम्म्याहून जास्त रोपं गेली. पैसे गेले ते गेले, पण वादळानंतर कशीबशी सावरलेली वर्षं मी स्वतःच्या हाताने घालवली. त्याहून जास्त लागलं ते काकांचं गप्प होणं. वाडीत उभ्या असलेल्या माणसाला मी मुंबईत बसून खोटं ठरवलं होतं. त्यांची माफी मागितली, तरी पुढे कितीतरी दिवस ते आपणहून काही सांगत नव्हते.

ठिबक काढलं नाही. पुळणीत त्याने पाणी खरंच वाचतं. मात्र मोटर आता थांबून थांबून चालते, पाण्यातला क्षार मीटरने मोजतो, आळ्यांवर झावळ्यांचं आच्छादन घालतो. पाणी कधी सोडायचं ते काका ठरवतात.