मोहाचा अर्क

चि. भाचीस,

ऊर्ध्वपातन हा शब्द रसशास्त्रातला आहे. पाऱ्याच्या शुद्धीसाठी रसशास्त्राच्या ग्रंथांत पातनाचे तीन प्रकार सांगितलेले असून वाफ वरच्या भांड्यात धरणे ते ऊर्ध्वपातन, खालच्या भांड्यात उतरवणे ते अधःपातन आणि नळीवाटे बाजूला नेणे ते तिर्यक्पातन होय. बोलीतला ‘अर्क’ मात्र अरबीतल्या ‘अरक’ या शब्दावरून आला, ज्याचा मूळ अर्थ घाम. थंड भांड्याच्या बुडाला सुटलेले थेंब ज्याने एकदा पाहिले, त्याला हे नाव किती नेमके आहे हे सांगावे लागत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अर्क काढण्याच्या या विद्येचा संबंध मोहाच्या झाडाशी आहे. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या मोहाखाली पहाटे फिकट पिवळ्या, गरदार फुलांचा सडा पडतो, आणि ऊन चढण्यापूर्वी तो वेचून घ्यावा लागत असल्याने बायका अंधारातच निघतात, जरी त्याच फुलांसाठी अस्वल येत असले आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाचे भय असले तरी. अंगणात वाळलेले फूल मनुकेसारखे तांबूस होते आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून ते आधी अन्न आहे. टंचाईच्या दिवसांत याच फुलांवर घरे तगली, हे दारूच्या चर्चेत फार लवकर विसरले जाते.

वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की यीस्ट हे सूक्ष्मजीव त्यातील साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. या आंबलेल्या द्रवाला सडवा म्हणतात. मद्यार्क तयार होतो तो येथेच. पुढे आच त्यात नव्याने काही घालत नाही, ती केवळ निवड करते : मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सियसला उकळतो व पाणी 100 अंशाला, त्यामुळे सडवा तापला की उठणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण मूळ द्रवापेक्षा अधिक असते. चुलीवर सडव्याचे मडके, त्यावर बुडाला छिद्रे पाडलेले दुसरे मडके, त्याच्या पोटात एक लहान रिकामे भांडे आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेला गंज, अशी ही जुनी मांडणी असते, आणि सांधे ओल्या मातीने लिंपलेले असतात. वाफ गंजाच्या बुडाला लागते, निवून द्रव होते आणि थेंबाथेंबाने आतल्या भांड्यात पडते. तुझ्या प्रयोगशाळेतला काचेचा संघनक जे करतो तेच हा गंज करतो. गंजातले पाणी तापले की बदलावे लागते, आणि पहिला उतारा कडक, तर पुढचे उतारे अधिकाधिक पाणचट असल्याने पाणी किती वेळा बदलले यावरून दारूची धार कळते. कितीही वेळा पातन केले तरी वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांपुढे मद्यार्क चढत नाही, कारण त्या ठिकाणी वाफेतले आणि द्रवातले प्रमाण सारखेच होते.

जिथे देवापुढे आणि पाहुण्यापुढे ही दारू ठेवली जाते, तिथेच तिने संसार उद्ध्वस्तही केले. विशेषतः विक्रीसाठी गूळ आणि नवसागर घालून भट्ट्या लागू लागल्यावर. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासह अनेकांनी उभारलेल्या, गावोगावच्या बायकांनी पेललेल्या आंदोलनानंतर गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 पासून लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. बंदी मागणाऱ्या या बायकांपैकी कितीतरी जणी पहाटे मोह वेचणाऱ्याच होत्या, आणि बंदीच्या नावाखाली फुलांची टोपली संशयित ठरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. 1996 च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांत पंचायत विस्तार) कायद्याने हा गुंता बऱ्याच समंजसपणे हाताळला : अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांच्या विक्रीचे नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची, म्हणजे मोहफुलांचीही, मालकी या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच कलमात ग्रामसभेला व पंचायतीला देण्याची तरतूद आहे.

तुझा,
मामा