गोळी आणि ऊन

पन्नाशी ओलांडली की माणसाच्या कंबरेला वाचा फुटते. माझी कंबर गेल्या हिवाळ्यात बोलू लागली. शाळेचे अहवाल आणि खुर्चीतले आठ-आठ तास यांचा तो हिशेब होता. दोष मात्र मी हाडांना दिला. पलासिया चौकातून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आणली, दोन महिने निष्ठेने गिळली. बाटली संपली, दुखणे संपले नाही.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. सौ. सोबत होती. मला तपासून ते म्हणाले, “सर, हाडे ठीक आहेत, स्नायू आळसावले आहेत. बहुतेकांची कंबरदुखी अशीच असते. अंथरूण धरू नका, चालत राहा.” शरीरात उणीव नसता घेतलेली खनिजे कंबरदुखी शमवीत नाहीत, अतिरेक झाल्यास मूतखड्याचे भय मात्र असते, हेही त्यांनी सांगितले.

निघताना सौ. टेबलाचा आधार घेऊन उठली. डॉक्टरांची नजर तिथे थबकली.

“वहिनी, जमिनीवरून उठताना त्रास होतो?”

“वर्षभर होतोय. कंबर, मांड्या, सारेच ठणकते. पण घरात यांच्याच कंबरेचे चालले होते.”

मी खाली पाहू लागलो.

तिच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व अत्यल्प निघाले. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही, हाडे मऊ पडतात आणि दुखतात. राजवाड्याजवळच्या आमच्या जुन्या घराला अंगण होते. कुरडया वाळविताना बायकांच्या अंगावर आपसूक ऊन पडे. पलासियातील फ्लॅटमध्ये ऊन खिडकीच्या काचेपाशीच थांबते, आणि काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी ठरते.

तिला डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम दिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढास रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिळते. म्हणून माळव्यातल्या आमच्या गव्हाच्या ताटात आता नाचणीची भाकरी व तिळाची चटणी आली आहे. काही महिन्यांत ती आधाराशिवाय उठू लागली. मी रोज चालतो. माझेही दुखणे निवळले.

एकच गोळी माझ्या बाबतीत व्यर्थ, तिच्या बाबतीत औषध! ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा,’ असे मुलांना सांगण्यात माझी हयात गेली. घरातला प्रश्न मात्र वर्षभर समोर असून मी वाचला नव्हता.