पंतांची वाटी

पंत मुळात चोर. चोरी ज्वारीची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी दाण्यात आली की पोपटांचे थवे उतरतात, आणि खातात त्याहून जास्त सांडतात. त्यांना हुसकायला माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. 1985 च्या जानेवारीत अशाच एका गोफणीच्या दगडानं याचा उजवा पंख मोडला आणि शेताच्या मालकिणीनंच, म्हणजे माझ्या आत्यानं, त्याला पदरात घालून घरी आणलं. पंख सांधला, पण वाकडा. उडणं कायमचं संपलं. पुढं उभा जन्म त्यानं तीच ज्वारी पिंजऱ्यात बसून, मागून आणि भांडून खाल्ली.

आला तेव्हा गळा कोरा होता, म्हणून आत्यानं मादी समजून ‘पमा’ नाव ठेवलं. तिसऱ्या वर्षी गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी उमटली आणि पमाचे पंत झाले. (देशी पोपट असा घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. तेव्हा गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आज जखमी पोपट सापडला तर वनखात्याला कळवावं, पिंजरा शोधू नये.)

आतोबा शाळामास्तर. जेवण झालं की ताटावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायची त्यांची सवय. पंतांनी ते उचललं, पण उलटं. ते जेवायच्या आधी म्हणायचे, आणि आशीर्वाद म्हणून नाही, तगादा म्हणून. सकाळी सहाला ओट्याकडे तोंड करून ‘अन्नदाता! अन्नदाता!’ असा पुकारा सुरू व्हायचा आणि वाटी आल्याशिवाय थांबायचा नाही.

गावाकडं त्याच्या खाण्याचा विचार कुणी केलाच नव्हता, आणि तेच बरं होतं. सुगीत ज्वारीचं कणीस पिंजऱ्याच्या तारेला उलटं टांगलेलं असायचं. हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे आणि बोरं, उन्हाळ्याच्या तोंडी बाभळीच्या शेंगा, मग लिंबोळ्या. परसातल्या शेवग्याचा पाला बारा महिने. रानात थवा जे खातो तेच, ज्या महिन्यात जे पिकतं त्या महिन्यात, आणि सगळं सालीत, शेंगेत, टरफलात. डाव्या पायात हरभऱ्याचा घाटा धरून पंत तो फोडायला बसले की अर्धी सकाळ जायची.

मिरचीचं कौतुक मात्र आम्हा मुलांना. मिरची खाल्ली की पोपटाची जीभ सुटते, असा आमच्या आळीत समज होता. जीभ सुटत नाही. खरी गोष्ट अशी की मिरचीतलं जे द्रव्य आपल्या तोंडाची आग करतं, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. उंदीर, खार, माणूस यांना मिरची हाकलते आणि पक्ष्याला बोलावते, कारण पक्षी तिचं बी न चावता-भरडता दूर नेऊन टाकतो. पोपट मात्र बी फोडूनच खातो, म्हणजे मिरचीचाही त्यानं विश्वासघातच केला. ती लाल पिकलेली असेल तर अ जीवनसत्त्वानं भरलेली असते. हे नंतर फार उपयोगी पडायचं होतं.

1992 मध्ये आतोबा निवृत्त झाले आणि बिऱ्हाड पुण्यात आमच्या शेजारच्या इमारतीत आलं. परस गेलं, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आली. पुण्यात पोपटाचं खाणं दुकानात मिळतं, याचं आत्याला अप्रूप. राळं, बाजरी, करडई आणि सूर्यफुलाच्या बिया असं ते मिश्रण असे. शिवाय घरचा प्रेमळ रतीब होताच. आतोबांचे भाजके शेंगदाणे, सुनेचं चहात बुडवलेलं बिस्कीट, नातवंडांचा चिवडा, सणाला पुरणपोळी. पुण्याला येऊन पंत सुखी झाला, असं सगळे म्हणत. अंगानं तर तो भरलाच. पण पिसांची चमक उतरली, तो वरच्या दांडीवर चढेना, दिवसभर शिंकायला लागला. शिंक त्यानं आतोबांची उचलली, असं समजून सगळे हसत होते.

शेवटी एका पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काय खातो, असं त्यांनी विचारल्यावर आत्यानं अभिमानानं पाठ म्हणून दाखवली: चार प्रकारचं धान्य, पेरू, डाळ, कोथिंबीर, कधी गाजर. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तुम्ही घालता ते झालं. खातो काय? उद्या संध्याकाळची वाटी न धुता आणा.”

दुसऱ्या दिवशी वाटी गेली. राळं आणि बाजरी जशीच्या तशी, गाजराचा काप सुकून वाकलेला, कोथिंबीर कोमेजलेली. सूर्यफुलाची आणि करडईची तेवढी नुसती टरफलं. चार प्रकारच्या धान्यातून पंतांनी दोन तेलबिया वेचल्या होत्या आणि बाकीचं आत्याच्या समाधानासाठी ठेवलं होतं. सूर्यफुलाच्या गरात निम्मं तेल. कॅल्शियम थोडं, फॉस्फरस फार, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. अ कमी पडलं की पोपटाच्या तोंडातलं, नाकातलं अस्तर जाड होतं, टाळूवर पांढरे चट्टे येतात आणि शिंका सुरू होतात. डॉक्टरांनी चोच उघडून चट्टा दाखवला. वजन दीडशे ग्रॅमच्या वर. या जातीच्या नराला साधारण सव्वाशे पुरे. यकृतावर चरबी चढत असणार, असं त्यांचं मत पडलं. औषध दिलं थोडं. सांगितलं जास्त: चहा, चिवडा, बिस्कीट आजपासून बंद, चॉकलेटला तर शिवायचं नाही. खाणं बदला, पण उपाशी ठेवून नाही, रोज वजन करून. एवढ्याशा जिवाचं वजन दहा टक्के उतरलं तर थांबून मला कळवा.

इथून पुढचं आत्याचं कर्तृत्व मी फार जवळून पाहिलं आहे. चौथी शिकलेली बाई, पण पोपटाच्या हट्टापुढं मी मी म्हणणारे पदवीधर हरले असते. भावानं इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला, त्यावर दांडी बसवली. रोज सकाळी वाटीआधी वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी पंतांचे ग्रॅम.

सूर्यफूल तिनं एकदम तोडलं नाही. आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं. गाजर कापून दिलं, फेकलं. उकडून दिलं, फेकलं. किसून ज्वारीत कालवलं, तर पंतांनी एकेक दाणा उचलून, पुसल्यासारखा करून खाल्ला आणि कीस भिंतीवर उडवला. अनोळखी वस्तूला पोपट तोंड लावत नाही. रानात ते शहाणपणच असतं. पण पोपट हा थव्याचा प्राणी, बाकीचे जे खातात ते खायला तो धावतो. हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं पाहिलं होतं. ती पिंजऱ्यापुढं पाट टाकून बसली आणि गाजर कराकरा खायला लागली. त्याच्याकडं न बघता, त्याला न देता. चौथ्या-पाचव्या दिवशी पंत तारेला लटकून ‘अन्नदाता!’ ओरडायला लागले. तिनं आणखी एक दिवस दिलं नाही. सासुरवाशिणीनं इतका वचपा कुणाचा काढला नसेल.

पालेभाजीचा प्रश्न पाण्यानं सुटला. ओली मेथीची जुडी टांगली की पंत आधी तिच्यात अंग घासून आंघोळ करत आणि मग तीच खात. पालक क्वचित, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला पुन्हा सुरू झाला, त्यासाठी आतोबा पेठेतल्या एका ओळखीच्या वाड्यापर्यंत चालत जात. लाल मिरची, तांबडा भोपळा, पिकलेली पपई. मोड आलेले मूग तिन्ही त्रिकाळ धुऊन, आणि उन्हाळ्यात दोन तासांनी उचलून टाकायचे, नाहीतर तेच विष. शेंगदाणे पावसाळ्यात बंद, कारण दाण्यावर डोळ्यांना न दिसणारी बुरशीही धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. आतोबांना हा निर्णय मुळीच पटला नव्हता. त्यांना तो स्वतःवरचा आरोप वाटला.

कॅल्शियमसाठी गुहागरची मावशी समुद्रफेस पाठवायची, किनाऱ्यावर आलेली माकुळाची पांढरी हाडं. गोड्या पाण्यात भिजवून, मीठ उतरवून, उन्हात वाळवून एक तारेत अडकवायचं. पंत ते झिजवत बसत, चोचही ताळ्यावर राही. त्याबरोबर सकाळचं कोवळं ऊन, खिडकीच्या काचेतून नव्हे, उघड्या गॅलरीत. काच नेमके तेच किरण अडवते ज्यांच्यावर ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसलं तर कॅल्शियम अंगी लागत नाही.

नंतरच्या काळात पोपटासाठी तयार गोळ्यांचं खाद्य दुकानात आलं. डॉक्टरांचा आग्रह होता, निम्मं तरी ते द्या, त्यात निवडायला वाव नसतो. आत्या म्हणाली, “म्हणजे गुरांना पेंड घालतात तसं.” पंतांचंही मत तेच. पाण्यात भिजवलेल्या गोळ्या तो मेहेरबानी केल्यासारखा खाई. मला विचाराल तर डॉक्टर बरोबर होते. प्रत्येक घरात आत्या नसते, शेवग्याचा पाला नसतो. तिथं गोळ्या आणि भाजीच बरी. पण पंतांची वाटी बघण्यात जी मजा होती ती गोळ्यांत नव्हती, हेही खरं.

भाचीनं एकदा परदेशातून येताना अ‍ॅव्होकॅडो आणलं आणि हौसेनं एक फोड पिंजऱ्याकडं नेली. आत्यानं तिचा हातच धरला. डॉक्टरांच्या मनाईच्या यादीत ते फळ होतं. त्यातलं द्रव्य पक्ष्याच्या हृदयावर जातं. सफरचंदसुद्धा ती बिया काढूनच देई.

सगळ्यात मोठा बदल मात्र पदार्थांचा नव्हता. ज्वारी वाटीत घालायचीच बंद झाली. मक्याच्या सालीत गुंडाळून, द्रोणात बांधून, कधी मटार शेंगेसकट, कधी पेरू अख्खा दांडीला टोचून. पंतांना पुन्हा काम लागलं. भूक लागली म्हणून नव्हे, तर उघडायला काहीतरी आहे म्हणून तो सकाळी वरच्या दांडीवर चढायला लागला. शिंका गेल्या, वजन सव्वाशेवर आलं, पिसं पुन्हा हिरवीगार झाली. 2008 च्या पावसाळ्यात म्हातारपणानं गेला तो पोपटाच्या मानानं पुरं आयुष्य जगून.

परवा आमच्याच इमारतीतली एक मुलगी कॉकाटील घेऊन आत्याकडं आली. परदेशी जात, पाळायला हरकत नाही. आत्या आता ऐंशी उलटलेली. ऐकू कमी येतं, पण पक्षी दिसला की कान उघडतात.

“काय घालतेस गं याला?”

“सूर्यफूल. दुसरं काही खातच नाही, आजी. गाजर दिलं तर पळतो.”

“तू खातेस का त्याच्यासमोर?”

“मला गाजर आवडत नाही.”

आत्यानं तिच्याकडं, मग पक्ष्याकडं पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “बस इथं दोघंही,” म्हणाली, आणि किसणी शोधायला आत गेली.