काळ्या पानातला भात

धर्मग्रामातील ज्या घरचा मुलगा परदेशी आहे, त्या घरी पाऊल ठेवले की आमच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, ‘केव्हा येणार आहे?’ पंचवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही हा प्रश्न निरागसपणे विचारीत आलो आहो. त्याहून वेगळे काही विचारता येते, हे मात्र गेल्या सप्टेंबरात, आणि तेही चुलीशी उभे राहिल्यावर, आमच्या ध्यानी आले.

आमची थोरली बहीण वसईच्या मूळ घरी एकटी राहते. तिला आम्ही लहानपणापासून बाय म्हणतो. तिचा एकुलता मुलगा दक्षिण कोरियातील गोजे बेटावर, जहाजे बांधण्याच्या कारखान्यात तपासणीचे काम करतो. २०२१ साली भावोजी वारले तेव्हा महामारीचे निर्बंध होते. मुलाला येता आले नाही. वडिलांचे दफन त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले. विधी आम्हीच चालवला. मुलाचा त्यात दोष नव्हता हे बायला कळत होते. परंतु कळणे वेगळे आणि मनाने मानणे वेगळे. पुढे तो दोनदा येऊन गेला, तरी मायलेकांचे बोलणे ‘जेवलास का?’ आणि ‘जेवलो’ यांपलीकडे सरकेना.

एका सोमवारी आम्ही घरी गेलो असता साखरेचा डबा काढताना फडताळात चकचकीत पाकिटांची एक चळत दिसली. शेजारी तिळाच्या तेलाची बाटली होती. दोन्हींची मोहोरही फोडलेली नव्हती.

“हे काय, बाय?”

“शेवाळ. दरखेपेला आणतो. तिथे म्हणे त्यात भात गुंडाळून खातात. मी काय मासा आहे शेवाळ खायला?”

“आणि नाताळात तू चायना ग्रासच्या वड्या करतेस, ते चायना ग्रास कशाचं असतं? समुद्रातल्या वनस्पतीचंच की.”

बाय काही बोलली नाही. पण पाकीट आमच्या हातातून काढूनही घेतले नाही. त्या रात्री आम्ही भाच्याकडून कृती मागवून घेतली. त्याने उत्साहाने इतके लिहून पाठवले की, चार वर्षांत तो आमच्याशी एवढे बोलला नव्हता.

त्या पानाला कोरियात ‘गिम’ म्हणतात आणि शिजवलेल्या भाताला ‘बाप’. म्हणून पदार्थाचे नाव गिंबाप. भात, अंडे, गाजर, पालक असे सारे पानात गुंडाळून त्याच्या चकत्या करतात. सहलीला निघालेल्या मुलांच्या डब्यात तो हमखास असतो. मात्र गोजेला लागूनच असलेल्या थोंग्योंग या बंदरात त्याचा निराळा प्रकार मिळतो. थोंग्योंगचे जुने नाव छुंगमू, म्हणून तो छुंगमू गिंबाप. सारण भरलेला भात दर्यावरच्या उन्हात आंबतो. म्हणून कोळ्यांसाठी बोटाएवढ्या गुंडाळ्या नुसत्या भाताच्या करायच्या आणि तिखट माकूळ व मुळा वेगळे द्यायचे, अशी युक्ती तिथल्या बायकांनी काढली असे सांगतात. समुद्रावर जाणाऱ्याची शिदोरी टिकावी, ही चिंता वसईच्या किनाऱ्याला का नवीन आहे?

पुढच्या सोमवारी आम्ही बाजारातून माकूळ आणि पांढरा मुळा घेऊन घरी गेलो. कोरियातली मिरचीपूड आमच्यापाशी नव्हती. बायपाशी मे महिन्यात कुटलेला बाटली मसाला होता. तो वापरायचे ठरले आणि तेथून बायचे लक्ष गुंतले. आपला मसाला दुसऱ्याच्या हाती सोडून स्वस्थ बसणे तिला जमणारे नव्हते.

मुळ्याचे तिरके जाड तुकडे करून, मीठ लावून तासभर ठेवले, पिळले, आणि त्यांना मसाला, ठेचलेला लसूण, किंचित गूळ व दोन चमचे शिरका चोळला. माकुळाची शाई, आतला पारदर्शक काटा आणि साल बायने काढली. उकळत्या मिठाच्या पाण्यात ते जेमतेम मिनिटभर ठेवायचे. अधिक ठेवले तर रबर चावल्यासारखे होते. त्याचे लांबट तुकडे करून, तेलात हलका परतलेला दोन चमचे मसाला, लसूण आणि शिरका यांत घोळवले. भातासाठी मावळातला इंद्रायणी घेतला, कारण तो चिकट होतो. दोन वाट्या तांदूळ अर्धा तास भिजवून तीन वाट्या पाण्यात शिजवला. कोरियात भातात शिरका घालत नाहीत. मीठ आणि भाजलेल्या तिळांचे तेल एवढेच. त्या तेलाची बाटली त्या दिवशी प्रथम उघडली गेली आणि स्वयंपाकघरभर तीळ भाजल्याचा वास पसरला.

पान सुमारे वीस सेंटिमीटर लांबरुंद, कागदासारखे पातळ. मंद आचेवर क्षणभर धरले की त्याचा काळा-जांभळा रंग हिरवट होतो. ते शेकता शेकता आम्ही बायला एक हकीकत सांगितली. जपानचे आणि कोरियाचे शेतकरी शतकानुशतके हे पीक समुद्रात घेत आले. पण उन्हाळ्यात ते नाहीसे होते आणि थंडीत पुन्हा कोठून उगवते, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९४९ साली मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी ते कोडे उलगडले. विवाहानंतर विद्यापीठातील अध्यापनाची जागा गमावलेल्या या बाईंनी दाखवून दिले की, ही वनस्पती मधल्या काळात शिंपल्याच्या आत, सूक्ष्म तंतूंच्या रूपाने जगत असते. ते तंतू म्हणजे वेगळीच वनस्पती, असा तोवर समज होता. त्या शोधावर आजची शेती उभी आहे. ड्रू-बेकर स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत; पण कुमामोतोजवळ त्यांचे स्मारक आहे.

बाय तीळ कुटत होती. ती म्हणाली, “म्हणजे दिसत नव्हतं, पण होतंच की.”

पहिल्या गुंडाळ्या साफ बिघडल्या. भात गरम असतानाच आम्ही पानावर पसरला. पान आक्रसले, ओले झाले आणि फाटले. बोटांना काळे तुकडे चिकटलेले पाहून बाय मोठ्याने हसली. भावोजी गेल्यापासून तिचे असे हसणे आम्ही ऐकले नव्हते.

त्या हसण्याने आम्हांला आमचेच एक हसणे आठवले. सेमिनरीत असताना तिथल्या उपम्याची आम्ही घरी एकदा तारीफ केली होती. पुढच्या सुटीत आईने, जन्मात कधी न केलेला उपमा कुणाला तरी विचारून केला. त्याच्या गुठळ्या झाल्या. आम्ही हसलो आणि ताटली बाजूला सारली. आई उपमा करीत नव्हती. मुलगा जिथे राहतो तिथवर चालत येऊ पाहत होती, हे तेव्हा आम्हांला समजले नाही. आता समजले, पण सांगायला आई नाही.

दुसऱ्या खेपेस भात कोमट होऊ दिला. पानाचे सहा तुकडे केले, खरखरीत बाजू वर घेऊन त्यावर भाताचा पातळ थर दिला, घट्ट गुंडाळले आणि कडेला पाण्याचे बोट लावले. वरून तेलाचा हात आणि तीळ. बायने एक गुंडाळी, त्यावर माकुळाचा तुकडा, असे तोंडात घातले. बराच वेळ चावून ती म्हणाली, “मसाल्याने लाज राखली.” मग तिने आणखी चार खाल्ल्या.

भाच्याला फोन लावला तो तिनेच. “भाताला बाप म्हणतात होय रे तुमच्याकडे?” तो हसला. “आणि हे तुला तिथं करून कोण घालतं?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याने सांगितले, “डॅडींना पुरलं ना, त्या रात्री शेजारच्या आजी दार वाजवून हाच डबा ठेवून गेल्या. मला त्यांची भाषा येत नव्हती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सगळं खाल्लं.”

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारले नव्हते. आम्हीही नाही. आम्ही विचारीत होतो, केव्हा येणार.

बायने पदराने डोळे पुसले. फोन ठेवल्यावर तिने मसाल्याची एक नवी बाटली काढली, फडक्याने स्वच्छ पुसली आणि आमच्यापुढे ठेवली.

“ही त्या आजींना पाठवायची. तिकडं जाणारा कोण आहे का, बघ.”